मावशी बंद करायची नाही

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावर ‘तीर्थरूप’ लिहिलं आहे आणि आत ‘प्रिय’. आधी दोन्हीकडे तीर्थरूप होतं, पण ते वाचून तू पाठीत धपाटा घालशील असं वाटलं, म्हणून तो कागद फाडला. त्याआधीचेही काही फाडले. हा फाडायचा नाही असं ठरवून बसलो आहे. दुकान बंद आहे. कापायच्या टेबलावरचं रेक्झिन गुंडाळून बाजूला ठेवलं आहे आणि हात साबणाने दोनदा धुतले आहेत. तरी कागदाला चिकटवायच्या सोल्युशनचा वास लागेलच. तुला तो चालेल, असं आता मला माहीत आहे.

‘इकडील सर्व क्षेम’ असं सुरुवातीला लिहायची रीत आहे. ते वाक्य मी शेवटी लिहीन.

आईचे गुडघे दुखतात, पण जिना अजून न थांबता चढते. शेजारच्या वायरमनने दुकानात नवा दिवा लावून दिला, त्यामुळे काळ्या कापडावर काळा दोरा घालताना डोळे फुटत नाहीत. धंदा बरा आहे. नव्या गाड्यांच्या सीटा कारखान्यातून येतात हे तू म्हणायचास ते खरंच आहे, पण त्या फाटतातही. माझी शाळा मध्येच सुटली हे तुला कुणी सांगितलं असेल किंवा नसेल. त्याचं काही वाटून घेऊ नकोस. शब्दकोश शेजारी घेऊन बसलो आहे. तरी चूक सापडली तर लाल पेन्सिलीने खूण करून हे पत्र परत पाठव. तेवढ्या निमित्ताने तुझं पत्र येईल.

तुझा पत्ता मला एका सीटने दिला. ते पुढे सांगतो. आधी गाड्यांचं लिहितो, कारण काम करताना हल्ली मला त्याच आठवतात.

तुला डबा आठवतो का? आपली पहिली गाडी. तिचं डावीकडचं पुढचं दार सुतळीने बांधलेलं होतं आणि मागची दारं तिला नव्हतीच, म्हणून सगळ्यांनी बाबांच्या बाजूने आत सरकत जायचं. आई म्हणायची, “लोक गाडीत बसतात. मी गाडीत शिरते.” मग हत्तीण आली. ती चढावर थांबायची आणि तू रेडिएटरसाठी पाणी शोधत धावायचास. बाबा तिचं स्टिअरिंग थोपटून “चल गं बाई, चल गं राणी” करायचे आणि आई मागून म्हणायची, “माझ्याशी कधी असं बोलला नाहीत.” बाबा म्हणायचे, “तू कधी चढावर थांबली नाहीस.”

आणि मग मावशी. तिला मावशी हे नाव तूच दिलंस. येताना मोठ्याने आवाज करत आली, आल्या आल्या सगळ्यांना कामाला लावलं, आणि मग गेलीच नाही, म्हणून मावशी.

गाड्या बदलल्या, पण आपण बसलो मात्र आपापल्या जागीच. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता धंद्यात मुरल्यावर कळतं. बाबांनी डब्याच्या सीटा उसवून त्यातला काथ्या आणि फोम हत्तिणीत घातला आणि हत्तिणीतला मावशीत. प्रत्येक वेळी खडू घेऊन आपली मापं घेतली. आईचे पाय टेकत नाहीत म्हणून तिची बाजू खाली घेतलेली. बाबांच्या कमरेला उजवीकडून उशी. तू वर्षावर्षाला वाढायचास, म्हणून तुझी पुढची सीट दर उन्हाळ्यात उसवून खोल करायची. मी मागे मधोमध, आणि माझ्या जागेला दोन थर जास्त, म्हणजे मला समोरचं दिसावं. दुसरं कुणी आपल्या गाडीत बसलं की चुळबुळ करायचं. एकदा मावशीला गिऱ्हाईक आलं होतं, ते सगळ्या सीटांवर बसून पाहून म्हणालं, “गाडी चांगली आहे हो, पण जिथं बसावं तिथं आधीच कुणीतरी बसलंय असं वाटतं.” बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

माझ्या जागेवरून रस्ता कसा दिसायचा सांगू? बाबांचं डोकं उजवीकडे, तुझं डावीकडे आणि मध्ये रस्ता. मला बरीच वर्षं वाटायचं की रस्ता तेवढाच रुंद असतो. तू गेल्यावर तो एकदम मोठा झाला. मला तो आवडला नाही.

आता ते लिहिलंच पाहिजे.

तुमचं दोघांचं भांडण गाडीतच व्हायचं, कारण दुकानात गिऱ्हाईक आणि घरी आई. रंगात आलं की बाबा गाडी बाजूला घेऊन “उतर” म्हणायचे आणि तू उतरून तरातरा चालू लागायचास. मग मावशी तुझ्या शेजारून रांगत यायची, बाबा काच खाली करून म्हणायचे, “बस आता, पेट्रोल जळतंय.” तू थोडं अजून चालून बसायचास. आईने तर पिशवीतून काहीतरी खायला काढायची वेळसुद्धा त्यावर बसवली होती. मला गंमत वाटायची.

त्या दिवशी तू म्हणालास, “तुमची गाडी भंगार आणि तुमचा धंदाही भंगार.” बाबा काहीतरी बोलले ते मावशीच्या आवाजात तुला ऐकू आलं नाही. तू “काय?” म्हणालास. तेव्हा, दादा, ते नीट ऐकू जावं म्हणून बाबांनी रागाने किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. आणि शांततेत म्हणाले, “मग माझ्या सीटवरून ऊठ.”

तू उठलास. दार लावलंस, आपटलंसुद्धा नाहीस.

मावशी बंद करायची नाही हा आपल्या घरचा नियम होता. उतारावर असली तर, किंवा तू ढकलायला जवळ असलास तर, नाहीतर नाही. तो रस्ता चढाचा होता आणि तू तर चालत निघाला होतास. बाबांनी किल्ली फिरवली, नुसतं ‘कट्’ झालं. परत फिरवली. मग आम्हाला म्हणाले, “उतरा, ढकला.” आई आणि मी मागून ढकलत होतो. गाडी हातभर पुढे जायची आणि आमच्यासकट मागे यायची. हॉर्नही बॅटरीवरच, तो घसा बसल्यासारखा वाजला आणि गेला. आईने तुला हाका मारल्या. पण आईच्या हाकेवर तू कधीच वळायचा नाहीस, त्या रिवाजात ती हाक धरलेली नव्हती. मी म्हटलं, “बाबा, मी पळत जाऊ?” ते म्हणाले, “तू ढकल. मी जातो ना गाडी घेऊन.”

तू हळू चालत होतास. मला गाडीच्या बाजूने दिसत होतं. मैलाच्या दगडापाशी थांबून तू चपलेचा पट्टा सारखा केलास. तो तुटलेला नव्हता. मग मागून बस आली, आमच्या शेजारून गेली आणि तुझ्यापाशी थांबली.

मावशी सुरू झाली ती एका ट्रकवाल्याने धक्का दिल्यावर. आपण न जाणारे रस्तेसुद्धा बाबांनी पालथे घातले. घरी येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाले, “गाडी सुरू झाली नाही हे कुणाला सांगायचं नाही.” आई म्हणाली, “अहो, त्याला तरी कळू दे.” तर म्हणाले, “म्हणजे तो म्हणेल, बघा, भंगारच होती.”

त्यापेक्षा मुलाने आपल्याला दगड समजलेलं त्यांना चाललं. मी त्यांच्यावर पुष्कळ दिवस मनातून रागावलो होतो. पण तू पाहायला हवं होतंस, त्यानंतर त्यांनी मावशीचा स्टार्टर कधी दुरुस्त करू दिला नाही. वायरमन फुकट करून देत होता. “चालतंय की,” म्हणायचे. दुकानापुढच्या उतारावर उभी करायची, उतारावरूनच सुरू करायची. ढकलणाऱ्याचं काम त्यांनी रिकामं ठेवलं होतं, असं मला आता वाटतं. आणि तुझ्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. भाजीची पिशवीसुद्धा नाही. आई मागेच बसायची.

गेल्या वर्षापासून ते बारीक होऊ लागले. डॉक्टर जे नाव सांगतात ते मी शब्दकोशात पाहिलं, तिथे नव्हतं. मला ते सीटवरून कळायचं. त्यांच्या खळग्यात जागा उरू लागली. ते म्हणायचे, “फोम बसला वाटतं.” मी म्हणायचो, “हो, जुना झालाय,” आणि रविवारी उसवून आत भर घालायचो. महिन्याभराने पुन्हा, “फोम बसला वाटतं.” पाठीला धरून मापं घेताना मी खडूची आधीची खूण पुसून मगच नवी करायचो, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर त्यांना दिसायला नको. ते माझ्याकडे बघत नसत. धंद्यातला माणूस, त्यांना न कळायला काय झालं?

शेवटी त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि चालकाच्या सीटसाठी स्वतःच माझं माप घेतलं. खडू दाबून धरला होता. “पाठ सरळ ठेव,” म्हणाले. “अजून मागच्या सीटवर असल्यासारखा वाकतोस, पुढे कोण आहे आता तुझ्या?”

आता सीटचं सांगतो.

बेकरीची गाडी चालवणारा एक माणूस सप्टेंबरात दुकानात आला. त्याला शेजारची सीट शिवून हवी होती. चालकाची आधी दुसरीकडे शिवून झाली होती. बाबा तेव्हा दुकानात नुसते स्टुलावर बसून असायचे. त्यांनी सहज चालकाच्या त्या सीटच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि थांबले. मलाही बोलावून माझं बोट तिथे ठेवलं. शेवटचा टाका घालून झाल्यावर एक उलटा टाका जास्त. ज्याला काही कारण नाही, जो बाबांच्या उस्तादाने घातला म्हणून ते घालायचे, आणि ते घालतात म्हणून आपण दोघं.

“कुणी शिवलं हे?” बाबांनी विचारलं.

“पुलापलीकडच्या गावात एक जण आहे. उंच आहे. फारसा बोलत नाही.”

“किती दिवस लावतो?”

“सांगतो त्यापेक्षा दोन दिवस जास्त.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “टाका जरा सैल आहे.” मग त्या माणसाला स्वतःच्या हाताने स्टूल दिलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, “पत्ता लिहून घेतलास ना? गाडी काढ उद्या.”

आई म्हणाली, “डॉक्टर प्रवास नको म्हणालेत. ह्यांना नेणार कसं?”

“बसवून,” बाबा म्हणाले.

मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. मला तुझी सीट त्यांच्या मापाची करायची होती, पुढे दुसरी जागाच नव्हती. तर म्हणाले, “हात लावायचा नाही. आहे तशी बसतो.” सकाळी मी आणि वायरमनने त्यांना उचलून तुझ्या जागेवर ठेवलं. दादा, तुझ्या खळग्यात ते अर्धेच भरले. त्यांचे पाय टेकले नाहीत. दोन्ही बाजूंना हात लावून त्यांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले, “केवढा वाढला होता रे हा.”

निघताना त्यांनी बजावलं, “मध्ये कुठंही बंद करायची नाही. चहा प्यायचा तर गाडीतच.” पण पेट्रोल पंपावरच्या मुलीने ऐकलं नाही.

“काका, इंजिन बंद करा.”

“बंद केली तर सुरू होत नाही.”

“मग पेट्रोल मिळत नाही.”

“ठीक आहे,” बाबा म्हणाले, “तू पेट्रोल भर आणि मग ढकलायला ये.”

ती खरंच आली. शेजारचा पंक्चरवाला आणि हवा भरणाराही आले. बाबा काच खाली करून एकेकाला हात कुठे लावायचा ते सांगत होते, “दार धरून नको, दारामागच्या खांबाला खांदा लाव.” गाडी सुरू झाल्यावर पंक्चरवाला धापा टाकत म्हणाला, “काका, ही गाडी आहे का डोंगर?” बाबा म्हणाले, “आमचा मोठा एकटा ढकलायचा.” इतक्या मोठ्या आवाजात ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मागे आई रडत होती आणि हसत होती, मला आरशात दिसत होतं.

नंतर त्यांनी काच वर केली. मग म्हणाले, “त्याला ते माहीत नाही.”

“काय?”

“गाडी सुरू झाली नव्हती ते.”

“नाही, बाबा.”

“मी सांगतो. तू मध्ये तोंड घालू नकोस.” थोड्या वेळाने, “आधी तो टाका सैल आहे ते सांगतो. मग हे.”

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्यांनी काचेला डोकं टेकलं. मला वाटलं, झोपले. ऊन त्यांच्या बाजूने येत होतं म्हणून मी हात लांबवून समोरची झडप खाली केली. पूल आला. पुलाच्या मध्यावर आईने मागून त्यांच्या कपाळावर हात ठेवला. तो तिने काढला नाही. मला म्हणाली, “घरी घे.”

मी म्हटलं, “आई, पलीकडेच आहे दादा.”

ती पुन्हा म्हणाली, “घरी घे बाळा.”

पुलावर गाडी वळवता येत नाही. म्हणून मी पूल पूर्ण ओलांडला, उतरल्यावर डाव्या हाताला सायकलींचं दुकान आहे, त्याच्यापुढे गाडी वळवली आणि परत आलो. खिशात तुझा पत्ता होता. तू विचारशील, इतक्या जवळ येऊन का नाही आलास. मला अजून नीट उत्तर देता येत नाही. बाबांना तुझ्यासमोर असं आणायचं आणि मग तुला सांगायचं की हे आपण होऊन येत होते, ते मला तोंडाने बोलता आलं नसतं. लिहितानासुद्धा बघ किती कागद गेले. पण सायकलींचं दुकान तुझ्या गावात येतं, हे मी नकाशात पाहून ठेवलं आहे. म्हणजे ते तुझ्यापर्यंत पोचले नाहीत, पण तुझ्या गावात पोचले. एवढं खरं आहे.

त्या दिवशी पहिल्यांदाच मावशी दुकानापुढच्या उतारावर न लावता घरापुढे, सपाटीवर आणली, त्यांना उचलून न्यायचं म्हणून. इंजिन चालूच ठेवलं होतं. माणसं जमली, त्यांना आत नेलं, आणि ते चालूच होतं. मग वायरमनने माझ्यावर उपकार म्हणून खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. त्याला काय माहीत. एकदम सगळीकडे शांत झालं. आई वाटेत रडली नव्हती, घरात नेताना रडली नव्हती. ती तेव्हा रडली.

त्याला आता महिना होऊन गेला. तुला लगेच कळवायला हवं होतं. फोन नंबर नव्हता, पण पत्ता होता. मला वाटत होतं की पत्र लिहिलं की ते झालं.

मावशी अजून तिथेच उभी आहे. गल्लीचं अर्धं तोंड तिने अडवलं आहे, दूधवाला सायकलवरून उतरून जातो, पण कुणी तक्रार करत नाही. शेजारचे चौघे जण एका रविवारी बाह्या सरसावून आले, म्हणाले ढकलून उतारावर नेऊन देतो. आईने दारातूनच त्यांना सांगितलं, “राहू दे. ढकलणारा आहे आमच्याकडे.” ती हे कुणाविषयी म्हणाली ते त्यांना कळलं नाही. मी आत येऊन तिला विचारलं नाही.

ते शेवटी ज्या सीटवर बसले ती मी भरलेली नाही, काही उसवलेलं नाही. तुझी जागा होती तशी आहे. फक्त बसल्यावर डाव्या कडेला किंचित दबलेलं लागेल. तिथे ते टेकले होते. तेवढं मी नीट करणार नाही.

सुरुवातीला जे वाक्य शेवटी लिहीन म्हटलं होतं, ते मला लिहिता येत नाही. त्याऐवजी बाबांनी ज्या क्रमाने सांगायचं ठरवलं होतं त्या क्रमाने लिहितो. दादा, तुझा टाका जरा सैल आहे. आणि त्या दिवशी गाडी सुरू झाली नव्हती.

ये. मी स्टिअरिंगवर बसेन, आई मागे. तू मागून खांदा लाव.

तुझा,
मागच्या सीटवरचा मधला